डॉ. सूस

थिओडोर सूस गायझेल ऊर्फ डॉ. सूस (जन्म : स्प्रिंगफील्ड, मॅसॅच्युसेट्स, २ मार्च १९०४; मृत्यू : ला होया, कॅलिफोर्निया, २४ सप्टेंबर १९९१) हे अमेरिकन बालसाहित्यकार, चित्रकार आणि व्यंगचित्रकार होते. त्यांनी मुलांसाठी साठाहून अधिक पुस्तके लिहिली व त्यांपैकी बहुतेकांची चित्रेही स्वतःच काढली. नुकत्याच वाचू लागलेल्या मुलांसाठी ठरावीक व मोजक्या शब्दांत रचलेल्या कथा हे त्यांचे सर्वांत प्रभावी कार्य मानले जाते. १९५७ साली प्रसिद्ध झालेले 'द कॅट इन द हॅट' हे पुस्तक आणि त्यातून निघालेली 'बिगिनर बुक्स' ही पुस्तकमाला यांमुळे इंग्रजी भाषेतील प्राथमिक वाचनसाहित्याचे स्वरूप पालटले. मुलाला वाचता येईल इतके सोपे आणि तरीही वाचावेसे वाटेल इतके रंजक असे पुस्तक कसे असावे, या प्रश्नाची चर्चा त्यांच्या उल्लेखावाचून क्वचितच पूर्ण होते.

नाव

'सूस' हे त्यांच्या आईचे माहेरचे आडनाव. मूळ जर्मन उच्चार 'सॉइस' असा असला, तरी वाचकांत 'सूस' हाच उच्चार रूढ झाला आणि पुढे खुद्द गायझेल यांनीही तो स्वीकारला. त्यांनी डॉक्टरेट पूर्ण केलेली नव्हती, नावापुढील 'डॉ.' ही उपाधी त्यांनी गमतीने लावून घेतली होती. स्वतः लिहून दुसऱ्यांकडून चित्रे काढून घेतलेल्या पुस्तकांसाठी त्यांनी 'थिओ लेसीग' हे टोपणनाव वापरले. गायझेल या आडनावाची इंग्रजी अक्षरे उलट्या क्रमाने लिहिल्यास 'लेसीग' हा शब्द तयार होतो.

बालपण आणि शिक्षण

गायझेल यांचे कुटुंब जर्मन वंशाचे व लुथरन पंथाचे होते. वडील थिओडोर रॉबर्ट गायझेल हे घराण्याच्या मालकीच्या बिअर कारखान्याचे काम पाहत. आई हेन्रिएटा या पावभट्टीच्या व्यवसायातील घराण्यातल्या होत्या. दुकानात ग्राहकांसाठी म्हटली जाणारी पदार्थांच्या नावांची तालबद्ध यादी त्या मुलांना झोपवताना म्हणत. आपल्या लेखनातील लयीचे श्रेय गायझेल यांनी पुढे आईला दिले. स्प्रिंगफील्डच्या फॉरेस्ट पार्क या उद्यानात प्राणिसंग्रहालय होते. तेथील प्राणी पाहून चित्रे काढण्याचा छंद त्यांना लहानपणीच जडला.

पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत जर्मन वंशाच्या लोकांविषयी रोष पसरला आणि त्याची झळ या कुटुंबालाही लागली. युद्ध संपते न संपते तोच १९२० साली देशभर दारूबंदी लागू झाली व कारखाना बंद पडला. पुढे वडिलांनी शहराच्या सार्वजनिक उद्यानांचे अधीक्षक म्हणून काम केले.

गायझेल यांचे महाविद्यालयीन शिक्षण न्यू हॅम्पशायरमधील डार्टमथ महाविद्यालयात झाले. तेथील 'जॅक-ओ-लँटर्न' या विनोदी मासिकाचे ते संपादक होते. दारूबंदीच्या काळात मित्रांसह मद्यपान करताना सापडल्यामुळे त्यांना मासिकाच्या कामातून दूर करण्यात आले. तरीही त्यांनी 'सूस' या नावाने मजकूर व चित्रे देणे चालू ठेवले. हे टोपणनाव त्यांना असे शिक्षेतून मिळाले.

१९२५ साली पदवी घेतल्यानंतर इंग्रजी साहित्यात डॉक्टरेट करण्याच्या हेतूने ते ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या लिंकन कॉलेजात दाखल झाले. ऑक्सफर्डची शिष्यवृत्ती आपल्याला मिळणार असे त्यांनी वडिलांना आगाऊच कळवले होते आणि ती बातमी गावच्या वृत्तपत्रात छापूनही आली होती. प्रत्यक्षात शिष्यवृत्ती मिळाली नाही, तेव्हा वडिलांनी स्वखर्चाने त्यांना पाठवले. ऑक्सफर्डमध्ये हेलन पामर या सहाध्यायिनीने त्यांच्या वहीतील टिपणांभोवती काढलेली प्राण्यांची चित्रे पाहिली आणि प्राध्यापकीपेक्षा चित्रकलेचाच मार्ग धरावा असे सुचवले. गायझेल पदवी न घेताच अमेरिकेस परतले. नोव्हेंबर १९२७मध्ये दोघांचा विवाह झाला.

जाहिराती आणि पहिले बालपुस्तक

प्रारंभी त्यांनी 'जज' या विनोदी साप्ताहिकासाठी व्यंगचित्रे काढली. 'फ्लिट' या कीटकनाशकाच्या जाहिरातींमुळे त्यांना नाव आणि आर्थिक स्थैर्य मिळाले. मंदीच्या काळातही हे काम टिकून राहिले आणि एकूण सतरा वर्षे चालले. मोजक्या शब्दांत व ठळक चित्रात आशय पोचवण्याचा जो सराव त्यांना येथे झाला, तो पुढील लेखनात उपयोगी पडला.

१९३६ साली युरोपातून जहाजाने परतताना इंजिनाचा एकसुरी ठेका त्यांच्या मनात घोळत राहिला आणि त्या ठेक्यावर त्यांनी एक पद्यकथा रचली. 'अँड टू थिंक दॅट आय सॉ इट ऑन मलबेरी स्ट्रीट' हे ते पुस्तक. शाळेतून घरी येताना रस्त्यात दिसलेल्या साध्या घोडागाडीभोवती एक मुलगा कल्पनेने केवढा लवाजमा उभा करतो, हा त्याचा विषय. वीसहून अधिक प्रकाशकांनी ते नाकारले. अखेर डार्टमथमधील जुने परिचित माइक मॅक्लिंटॉक योगायोगाने रस्त्यात भेटले. ते नुकतेच व्हॅन्गार्ड प्रेस या संस्थेत बालपुस्तकांचे संपादक झाले होते. १९३७ साली पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यानंतर 'द ५०० हॅट्स ऑफ बार्थोलोम्यू कबिन्स' (१९३८), 'द किंग्ज स्टिल्ट्स' (१९३९) आणि 'हॉर्टन हॅचेस द एग' (१९४०) ही पुस्तके आली. ही पुस्तके बहुधा मोठ्यांनी मुलांना वाचून दाखवावीत अशी होती. त्यांतील शब्दसंपत्तीवर कोणतेही बंधन नव्हते.

युद्धकाळ

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४१ ते १९४३ या वर्षांत, गायझेल यांनी न्यूयॉर्कच्या 'पीएम' या दैनिकासाठी चारशेहून अधिक राजकीय व्यंगचित्रे काढली. त्यांतून त्यांनी हिटलर व मुसोलिनी यांच्यावर, तसेच अमेरिकेतील वर्णभेद आणि ज्यूद्वेष यांवरही टीका केली. मात्र याच काळात जपानी लोकांची व जपानी वंशाच्या अमेरिकन नागरिकांची त्यांनी काढलेली चित्रे वंशद्वेषाने भरलेली होती. १९४३ साली ते सैन्यात दाखल झाले आणि दिग्दर्शक फ्रँक काप्रा यांच्या हाताखाली सैनिकांसाठी शिक्षणपट तयार करू लागले. 'प्रायव्हेट स्नाफू' ही व्यंगपटांची मालिका याच कामाचा भाग होती. अल्पशिक्षित सैनिकालाही समजेल अशा सोप्या भाषेत माहिती देणे हा तिचा हेतू होता.

१९५३ साली त्यांनी जपानला भेट दिली. त्यानंतर लिहिलेले 'हॉर्टन हिअर्स अ हू!' (१९५४) हे पुस्तक त्यांनी एका जपानी प्राध्यापकाला अर्पण केले. कितीही लहान असला तरी प्रत्येक जीव मोलाचा असतो, हा त्या कथेचा आशय. युद्धकाळातील चित्रांविषयीची खंत या पुस्तकात उमटली आहे, असे अनेक अभ्यासक मानतात.

अमेरिकेतील वाचनशिक्षणाचा प्रश्न

इंग्रजी लेखनात अक्षर आणि उच्चार यांचा मेळ सर्वत्र बसत नाही. त्यामुळे वाचन शिकवण्याच्या दोन पद्धतींमध्ये तेथे दीर्घकाळ वाद आहे. एका पद्धतीत मूल प्रथम अक्षरांचे ध्वनी शिकते व ते जोडून शब्द वाचते. दुसऱ्या पद्धतीत संपूर्ण शब्द त्याच्या आकारावरून ओळखण्याचा सराव केला जातो. विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत दुसऱ्या पद्धतीचे वर्चस्व होते. या पद्धतीच्या वाचनमालांत पानागणिक थोडेच नवे शब्द येत आणि तेच शब्द वारंवार घोळवले जात. स्कॉट फोर्समन या प्रकाशनसंस्थेची डिक व जेन या भावंडांची वाचनमाला हे त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण होय. १९३०पासून ती शाळाशाळांतून वापरात होती. तिच्यात शब्दांची चढण काळजीपूर्वक आखलेली होती. परंतु कथा म्हणावी असे फारसे काही नव्हते. मुले नीटनेटकी, घर नीटनेटके आणि कोणतेही संकट नाही. त्यामुळे पान उलटण्याची उत्सुकता निर्माण होत नसे.

मे १९५४मध्ये कादंबरीकार जॉन हर्सी यांनी 'लाइफ' साप्ताहिकात या प्रश्नावर एक दीर्घ लेख लिहिला. मुले वाचनात मागे पडण्याच्या कारणांची चर्चा करताना त्यांनी वाचनमालांतील निर्जीव मजकुरावर व गुळगुळीत चित्रांवर बोट ठेवले. अशा पुस्तकांची चित्रे वॉल्ट डिस्ने, डॉ. सूस यांच्यासारख्या कल्पक कलावंतांकडून का काढून घेऊ नयेत, असा प्रश्न त्यांनी उपस्थित केला. पुढील वर्षी रुडॉल्फ फ्लेश यांचे 'व्हाय जॉनी कान्ट रीड' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी शब्द ओळखण्याच्या पद्धतीवरच हल्ला चढवला आणि ध्वनिपद्धतीचा पुरस्कार केला. पालकांमध्ये त्याची मोठी चर्चा झाली.

'द कॅट इन द हॅट'

ह्यूटन मिफ्लिन या प्रकाशनसंस्थेच्या शैक्षणिक विभागाचे प्रमुख विल्यम स्पॉल्डिंग यांची गायझेल यांच्याशी युद्धकाळापासून ओळख होती. पहिलीतल्या मुलाला स्वतः वाचता येईल आणि हातातून खाली ठेववणार नाही असे पुस्तक लिहावे, अशी मागणी त्यांनी गायझेल यांच्याकडे केली. सोबत तीनशे अठ्ठेचाळीस शब्दांची यादी दिली आणि पुस्तकात त्यांतील सुमारे सव्वादोनशे शब्दच वापरावेत अशी अट घातली.

गायझेल यांना हे काम थोड्या आठवड्यांत हातावेगळे होईल असे वाटले होते. प्रत्यक्षात त्याला वर्षाहून अधिक काळ लागला. सुचलेल्या कल्पनांना लागणारे शब्द यादीत नसत आणि यादीतल्या शब्दांतून कथा सुचत नसे. अखेर यादीत यमक जुळणारे पहिले दोन शब्द सापडतील त्यांवर पुस्तक रचायचे त्यांनी ठरवले. ते शब्द 'कॅट' आणि 'हॅट' हे होते. ही हकीगत त्यांनी निरनिराळ्या प्रसंगी निरनिराळ्या तऱ्हेने सांगितलेली असल्यामुळे तिच्या तपशिलांत फरक आढळतात.

पुस्तकाचे कथानक साधे आहे. पावसाळी दिवस, आई बाहेर गेलेली आणि दोन भावंडे घरात कंटाळून बसलेली. तेवढ्यात उंच पट्ट्यापट्ट्यांची टोपी घातलेले एक मांजर घरात शिरते व खेळांचा धुमाकूळ घालते. काचेच्या भांड्यातील पाळीव मासा मुलांना वारंवार सावध करतो. पुढे मांजर पेटीतून दोन खट्याळ जीव बाहेर काढते आणि घराची पुरती दैना होते. आई दारात येण्याआधी मांजरच एका यंत्राच्या साहाय्याने सारे पूर्ववत करून निघून जाते. घडलेले आईला सांगावे की नाही, हा प्रश्न अखेरीस वाचकावर सोपवलेला आहे.

या संपूर्ण कथेत केवळ २३६ निरनिराळे शब्द आले आहेत. त्यांपैकी २२१ शब्द एका अवयवाचे, १४ दोन अवयवांचे आणि एकच शब्द तीन अवयवांचा आहे. ५४ शब्द एकदाच येतात. उरलेले शब्द दोन किंवा अधिक वेळा येतात. पण कथेतील प्रसंग बदलत असल्यामुळे पुनरुक्ती जाणवत नाही. पद्याचा मुख्य ठेका दोन अनाघात अवयवांनंतर एक आघातयुक्त अवयव असा आहे. मराठी वृत्ते लघुगुरूंवर आधारलेली असतात, तर इंग्रजी पद्याची लय उच्चारातील आघातांवर चालते. या धावत्या लयीमुळे पुढचा शब्द कोणत्या ध्वनीचा असावा याचा अंदाज मुलाला येतो आणि यमकाचे स्थान आल्यावर अनोळखी शब्दही त्याला ओळखता येतो. शब्दांची यादी शब्द ओळखण्याच्या पद्धतीतून आलेली असली, तरी यमकांमुळे ध्वनींचाही सराव आपोआप घडतो, हे या पुस्तकाचे वैशिष्ट्य ठरले.

पुस्तक मार्च १९५७मध्ये प्रसिद्ध झाले. शाळांसाठीची आवृत्ती ह्यूटन मिफ्लिनने, तर दुकानांतून विकली जाणारी आवृत्ती गायझेल यांचे नेहमीचे प्रकाशक रँडम हाउस यांनी काढली. प्रचलित वाचनमालांना सरावलेल्या शाळांनी त्याचे बेताचेच स्वागत केले. दुकानांतील खप मात्र झपाट्याने वाढला. मुलांनी एकमेकांना सांगितल्यामुळे व पालकांनी विकत घेतल्यामुळे पहिल्या तीन वर्षांतच दहा लाखांहून अधिक प्रती गेल्या. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात 'हाऊ द ग्रिंच स्टोल ख्रिसमस!' हे त्यांचे आणखी एक गाजलेले पुस्तक प्रसिद्ध झाले.

बिगिनर बुक्स

या यशानंतर रँडम हाउसचे प्रमुख बेनेट सर्फ यांच्या पत्नी फिलिस सर्फ यांनी अशाच पुस्तकांची स्वतंत्र माला काढण्याची कल्पना मांडली. फिलिस सर्फ, हेलन गायझेल आणि स्वतः गायझेल अशा तिघांनी 'बिगिनर बुक्स' ही संस्था सुरू केली आणि १९५८पासून तिची पुस्तके येऊ लागली. फिलिस यांनी प्रचलित वाचनमाला चाळून ३७९ शब्दांची यादी तयार केली. लेखकाने त्यांतील सुमारे दोनशे शब्द निवडावेत आणि कथेला अत्यावश्यक असे वीस शब्द यादीबाहेरचे घ्यावेत, असा दंडक ठरला.

शब्दांइतकेच चित्रांचे नियमही कडक होते. एका पानावर एकच चित्र असावे, समोरासमोरची दोन पाने मिळून एक रचना व्हावी आणि चित्रात नसलेली गोष्ट मजकुरात येऊ नये, असा गायझेल यांचा आग्रह असे. शब्द अडला तर मुलाने चित्राकडे पाहावे व अर्थ जुळवून पुढे जावे, हा त्यामागचा विचार होता.

मालेच्या पहिल्या पुस्तकांत गायझेल यांचे 'द कॅट इन द हॅट कम्स बॅक', माइक मॅक्लिंटॉक यांचे 'अ फ्लाय वेन्ट बाय' आणि पी. डी. ईस्टमन यांचे 'सॅम अँड द फायरफ्लाय' यांचा समावेश होता. ईस्टमन यांचे 'आर यू माय मदर?' (१९६०) आणि 'गो, डॉग. गो!' (१९६१), हेलन पामर यांचे 'अ फिश आउट ऑफ वॉटर' (१९६१) ही पुस्तके पुढे अतिशय लोकप्रिय झाली. स्टॅन व जॅन बेरेनस्टेन या दांपत्याच्या अस्वल कुटुंबाच्या कथांना १९६२ साली याच मालेतून प्रारंभ झाला. संपादक म्हणून गायझेल अत्यंत काटेकोर होते. ते भिंतीवर क्रमाने पाने टाचून कथेचा ओघ तपासत, ओळ जमली नाही तर दिवसच्या दिवस घालवत आणि इतर लेखकांची हस्तलिखितेही पुनःपुन्हा लिहून घेत. या काटेकोरपणातून फिलिस सर्फ यांच्याशी त्यांचे मतभेद झाले व कालांतराने त्या मालेतून बाहेर पडल्या.

१९६८ साली आणखी लहान मुलांसाठी 'ब्राइट अँड अर्ली बुक्स' ही उपमाला निघाली. 'द फूट बुक' हे तिचे पहिले पुस्तक. अशा रीतीने मोठ्यांनी वाचून दाखवायची पुस्तके, मुलाने थोड्या मदतीने वाचायची पुस्तके आणि त्याने एकट्याने वाचायची पुस्तके अशा पायऱ्या एकाच लेखकाच्या कार्यात तयार झाल्या.

पन्नास शब्दांची कथा

पन्नासच शब्द वापरून पुस्तक लिहून दाखवण्याबद्दल बेनेट सर्फ यांनी गायझेल यांच्याशी पन्नास डॉलरांची पैज लावली. तिच्यातून 'ग्रीन एग्ज अँड हॅम' (१९६०) हे पुस्तक जन्मास आले. त्यातील पन्नास शब्दांपैकी ४९ शब्द एका अवयवाचे आहेत. सॅम नावाचे एक पात्र दुसऱ्याला एक विचित्र हिरवा पदार्थ खाण्याचा आग्रह करते. दुसरा प्रत्येक वेळी नकार देतो आणि अखेरीस चव घेतल्यावर तो पदार्थ त्याला आवडतो. प्रत्येक नकाराबरोबर स्थळ बदलते, सोबतचे प्राणी बदलतात आणि आधीची यादी लांबत जाते. त्यामुळे तेच शब्द पुनःपुन्हा वाचताना मुलाला सराव घडतो. परंतु त्याचे लक्ष मात्र पुढे काय होणार याकडे असते. गायझेल यांच्या सर्व पुस्तकांत हे सर्वाधिक खपाचे ठरले.

त्याच वर्षी 'वन फिश टू फिश रेड फिश ब्लू फिश' प्रसिद्ध झाले. 'हॉप ऑन पॉप' (१९६३) हे पुस्तक एकाच ध्वनिगटातील शब्दांच्या जोड्यांवर रचलेले असून ते अगदी प्रारंभीच्या वाचकासाठी आहे. याउलट 'फॉक्स इन सॉक्स' (१९६५) हे जिभेची परीक्षा घेणाऱ्या शब्दांचे पुस्तक आहे. त्यातील शब्द लहान असले तरी ते सलग उच्चारणे कठीण जाते. शब्दांची लांबी आणि वाचनाची काठिण्यपातळी या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या दोन पुस्तकांच्या तुलनेतून स्पष्ट होते.

स्तरनिहाय कथापुस्तकांच्या निवडीवरील प्रभाव

१९५७ साली हार्पर या प्रकाशनसंस्थेनेही एल्स होल्मलुंड मिनारिक यांच्या 'लिटल बेअर' या पुस्तकाने 'आय कॅन रीड' ही माला सुरू केली. शब्दांच्या कडक यादीऐवजी साधी वाक्ये, छोटी प्रकरणे आणि मुलाच्या भावविश्वातील प्रसंग यांवर तिचा भर होता. या दोन मालांमुळे वाचनमाला व गोष्टीचे पुस्तक यांच्यामधली एक नवी जागा निर्माण झाली. मुलाच्या वाचनक्षमतेनुसार स्तर ठरवून कथापुस्तके काढण्याची प्रथा पुढे सर्वत्र रूढ झाली.

अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने नवशिक्या वाचकांसाठीच्या उत्कृष्ट पुस्तकाला गायझेल यांच्या नावाने पुरस्कार ठेवला असून २००६ साली तो प्रथम देण्यात आला. त्याचे निकष अशी पुस्तके निवडताना काय पाहावे याचा आराखडाच देतात. नवे शब्द बेताने यावेत, आलेले शब्द पुन्हा यावेत, वाक्ये सरळ असावीत, चित्रांतून मजकुराचा सुगावा लागावा, अक्षरांचा आकार व ओळींची लांबी डोळ्यांना सोसणारी असावी आणि कथानक पान उलटायला लावणारे असावे, असे हे निकष आहेत. त्यांपैकी शेवटचा निकष संख्येत मोजता येत नाही. गायझेल यांच्या कार्याचे मर्म मात्र त्याच निकषात आहे.

मराठी वाचकाच्या दृष्टीने येथे एक फरक ध्यानात घ्यावा लागतो. देवनागरीत अक्षर व उच्चार यांचे नाते बरेच सरळ असल्यामुळे मराठी मुलाला अडचण येते ती मुख्यतः काना, मात्रा, वेलांटी, उकार आणि जोडाक्षरे यांची. म्हणून इंग्रजीतील शब्दसूची जशीच्या तशी मराठीत उपयोगाची ठरत नाही आणि प्रारंभिक पुस्तकांत जोडाक्षरविरहित मजकूर देण्याची पद्धत अवलंबली जाते. प्रथम बुक्स ही २००४ साली स्थापन झालेली संस्था मराठीसह अनेक भारतीय भाषांत चार स्तरांची कथापुस्तके काढते. स्तर कोणत्याही मोजमापाने ठरवला तरी गोष्टीत गोष्ट असली पाहिजे, हा प्रश्न मात्र सर्व भाषांत समान आहे.

टीका आणि वाद

शब्दांच्या यादीने साहित्य निर्माण होत नाही, असा आक्षेप बिगिनर बुक्स मालेवर प्रारंभीपासून घेण्यात आला. यादीच्या बंधनात गायझेल यांना जे साधले, ते मालेतील प्रत्येक लेखकाला साधले नाही, हे बहुतेक समीक्षक मान्य करतात. मुलांनी सदैव सोपीच पुस्तके वाचली तर शब्दसंग्रह कसा वाढणार, असाही प्रश्न विचारला जातो. गायझेल यांनी स्वतः मात्र यादीबद्ध लेखन चालू असतानाही 'यर्टल द टर्टल' (१९५८), 'द स्नीचेस' (१९६१) यांसारखी शब्दांचे बंधन नसलेली पुस्तके लिहिणे थांबवले नाही. हुकूमशाही, भेदभाव, पर्यावरणाचा नाश ('द लोरॅक्स', १९७१) आणि शस्त्रास्त्रस्पर्धा ('द बटर बॅटल बुक', १९८४) हे विषय त्यांनी या दुसऱ्या प्रकारच्या पुस्तकांतून हाताळले.

त्यांच्या काही पुस्तकांतील आशियाई व आफ्रिकी लोकांच्या चित्रणावर पुढील काळात कठोर टीका झाली. २ मार्च २०२१ रोजी डॉ. सूस एंटरप्रायझेस या त्यांच्या वारसा संस्थेने अशा सहा पुस्तकांचे प्रकाशन थांबवत असल्याचे जाहीर केले. त्यांत त्यांच्या पहिल्या बालपुस्तकाचाही समावेश आहे. या निर्णयावर अमेरिकेत दोन्ही बाजूंनी तीव्र प्रतिक्रिया उमटल्या.

कौटुंबिक जीवन आणि अखेरची वर्षे

१९४८पासून गायझेल दांपत्य ला होया येथे समुद्राजवळच्या टेकडीवर राहत असे. त्यांना अपत्य नव्हते. हेलन या पतीच्या पुस्तकांच्या पहिल्या वाचक व संपादक होत्या आणि व्यवहाराची बहुतेक बाजूही त्याच सांभाळत. १९५४ साली त्यांना गियाँ-बारे या मज्जासंस्थेच्या विकाराने ग्रासले. पुढेही त्यांची प्रकृती खालावत गेली. दीर्घ आजार आणि मानसिक क्लेश यांच्या भरात २३ ऑक्टोबर १९६७ रोजी त्यांनी आत्महत्या केली. लेखिका व संपादक म्हणून हेलन यांनी केलेल्या कामाची दखल त्यांच्या हयातीत पुरेशी घेतली गेली नाही. १९६८ साली गायझेल यांनी ऑड्री डायमंड यांच्याशी विवाह केला. गायझेल यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या साहित्याची व्यवस्था ऑड्री यांनी पाहिली.

'ओह, द प्लेसेस यू'ल गो!' (१९९०) हे गायझेल यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले शेवटचे पुस्तक. पदवीदान समारंभाची भेट म्हणून ते आजही अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर विकले जाते. मुखाच्या कर्करोगाने वयाच्या ८७व्या वर्षी राहत्या घरी त्यांचे निधन झाले.

पुरस्कार आणि स्मारके

• 'मॅकएलिगॉट्स पूल', 'बार्थोलोम्यू अँड द ऊब्लेक' व 'इफ आय रॅन द झू' या पुस्तकांना कॅल्डेकॉट सन्मान
• लॉरा इंगल्स वाइल्डर पदक (१९८०)
• बालसाहित्यातील दीर्घ योगदानाबद्दल पुलित्झर पुरस्कार समितीचा विशेष गौरव (१९८४)
• कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील मुख्य ग्रंथालयाला गायझेल यांचे नाव (१९९५)
• स्प्रिंगफील्ड येथे त्यांच्या पात्रांचे शिल्पोद्यान (२००२) आणि संग्रहालय (२०१७)
• नॅशनल एज्युकेशन असोसिएशन या शिक्षकसंघटनेने १९९८ साली सुरू केलेला वाचनदिन त्यांच्या जन्मदिनाच्या सुमारास साजरा होतो.

नवशिक्या वाचकांसाठीची निवडक पुस्तके

• द कॅट इन द हॅट (१९५७)
• द कॅट इन द हॅट कम्स बॅक (१९५८)
• वन फिश टू फिश रेड फिश ब्लू फिश (१९६०)
• ग्रीन एग्ज अँड हॅम (१९६०)
• टेन ॲपल्स अप ऑन टॉप! (१९६१, थिओ लेसीग या नावाने)
• हॉप ऑन पॉप (१९६३)
• डॉ. सूसेस एबीसी (१९६३)
• फॉक्स इन सॉक्स (१९६५)
• द फूट बुक (१९६८)